तारू, तारोबा, ताडोबा

ताडोबाच्या नकाशावर उत्तरेकडून पश्चिमेकडे उतरणारी डोंगरांची एक रांग दिसते. पुस्तकांत तिला ‘चिमूर टेकड्या’ म्हणतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे डोंगर ठेंगणे वाटतील. कडे नाहीत, सुळके नाहीत. उतारावर बांबू, सागवान, ऐन, बीजा आणि मोह इतका दाट, की पावसाळ्यानंतर डोंगराचा आकारही धड कळत नाही. पण या रांगेमुळेच पावसाचे पाणी अडते, नाल्यांना वळण मिळते आणि ताडोबाचा तलाव भर उन्हाळ्यातही पाणी राखून असतो. अंधारी नदी या जंगलाच्या मधून दक्षिणेला जाते. पुढे तिचे पाणी वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा आमच्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्याच्या पूर्वेकडून वाहत वर्धेच्या भेटीला जाते. दोघी मिळाल्या की प्राणहिता होते. ताडोबाच्या डोंगरावर पडलेला पाऊस अशा रीतीने आमच्या दारावरून जातो. या डोंगरांविषयी आणि त्यांच्या नावांविषयी मला आस्था वाटण्याचे हे एक कारण आहे.

‘चिमूर टेकड्या’ हे नाव समजायला अवघड नाही. चिमूर हे रांगेच्या वायव्येचे जुने गाव. बालाजीची घोडायात्रा तिथली, आणि १६ ऑगस्ट १९४२ चा उठावही तिथलाच. मोजणीदाराने डोंगर कागदावर उतरवताना जवळच्या मोठ्या गावाचे नाव त्याला दिले. देशभर असेच झाले आहे. रांगेच्या पायथ्याशी राहणारा माणूस मात्र चिमूरच्या टेकड्या कुठे आहेत म्हणून विचारले तर क्षणभर थांबतो. त्याच्या तोंडी अमक्या गावची पहाडी असते, तमक्या देवाची पहाडी असते, वाघाची खोरी असते. संपूर्ण रांगेला एकच नाव लागते ते वरून, दुरून पाहणाऱ्याला. त्यात राहणाऱ्याला प्रत्येक खांद्याचे, प्रत्येक झऱ्याचे वेगळे नाव लागते, कारण गुरे हरवली तर कुठे शोधायची ते सांगावे लागते.

या रांगेने वेढलेल्या जंगलाला मात्र गावाचे नाव पडले नाही. ते पडले देवाचे, आणि तो देव आधी माणूस होता असे इथले गोंड सांगतात.

१९३५ साली ताडोबाच्या परिसरात शिकारीला बंदी झाली. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. महाराष्ट्रातले हे सर्वांत जुने. १९८६ मध्ये दक्षिणेचे अंधारी अभयारण्य झाले आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, त्याभोवती अकराशेच्या वर चौरस किलोमीटरचे बफर. दरवर्षी लाखो लोक हे नाव उच्चारतात. फाटकावर, तिकिटावर, टोपीवर, कपावर ते लिहिलेले असते. ज्याचे ते नाव, त्याचे ठाणे तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली आहे. पर्यटकांची जिप्सी तिथून पुढे निघून जाते.

कथा थोडक्यात अशी. तारू हा या भागातल्या गोंडांचा गावप्रमुख. त्याची आणि वाघाची झुंज झाली, त्यात तो मारला गेला. लोकांनी तलावाकाठी त्याला स्थान दिले आणि पौष महिन्यात तिथे जत्रा भरू लागली. कथेत तारूने वाघाला मारले असे कोणी सांगत नाही, याकडे लक्ष द्यायला हवे. तो हरला, गेला, आणि तरी देव झाला. वाघाविषयीही या कथेत द्वेष नाही. वाघाला वाघोबा म्हणणारी आणि त्याचीही पूजा करणारी ही माणसे. जंगलात मरण येणे त्यांना ओळखीचे होते. ज्याने गावाच्या वतीने वाघासमोर उभे राहण्याचे काम केले त्याला विसरायचे नाही, एवढीच त्यांची धारणा दिसते. जिथे आज वाघ पाहायला जग येते, त्या जागेचे नाव वाघाने मारलेल्या माणसाचे आहे.

तारूचा तारोबा कसा झाला हे मराठी माणसाला सांगायला नको. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, वाघोबा यांच्या ओळीत तो सहज बसला. तारोबाचा ताडोबाही बोलता बोलता झाला असावा. ‘र’ आणि ‘ड’ची अदलाबदल पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या जिभेला नवी नाही. जुन्या इंग्रजी कागदांत ‘तारोबा’ असेच रूप सापडते. मेजर ल्युसी-स्मिथ या अधिकाऱ्याने १८६९ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. त्याच्यासारखा चौकस अधिकारी या जिल्ह्याला क्वचित लाभला. सारा ठरवायला आलेल्या या माणसाने किल्ले, तलाव, देवळे यांच्या दंतकथाही टिपून ठेवल्या, आणि त्यातली तारोबा तलावाची कथा नंतरच्या गॅझेटियरांनी उचलली. ती कथा तारूची नाही. ती वेगळीच आहे.

फार पूर्वी गवळ्यांची एक वरात पश्चिमेकडून डोंगर ओलांडत येत होती. ऊन रणरणते, पाण्याचा थेंब नाही. एक विलक्षण म्हातारा भेटला. नवरा-नवरीने दोघांनी मिळून खणावे, पाणी लागेल, असे तो म्हणाला. दोघांनी हसत हसत चार घाव घातले आणि झरा उसळला. सगळे पाणी पिण्यात दंग असताना ते वाढत गेले, पसरत गेले आणि नवरा, नवरी, वऱ्हाडी सगळ्यांना घेऊन त्याचा तलाव झाला. तळाशी देवळे उभी राहिली; बुडालेले तिथेच नांदतात. पुढे काठावर ताडाचे एक झाड आले. ते दिवसा दिसायचे, तिन्हीसांजेला जमिनीत जायचे. एका सकाळी एक यात्रेकरू त्याच्या शेंड्यावर जाऊन बसला. झाड त्याला घेऊन आभाळात गेले आणि तो सूर्याच्या आगीत जळाला. झाडाची माती झाली आणि त्या जागी तलावाच्या देवाची मूर्ती प्रकटली. तोच तारोबा. पूर्वी भाविकांनी हाक मारली की स्वयंपाकाची भांडी तलावातून वर येत. वापरून, घासून परत पाण्यात सोडायची. एका लोभी माणसाने ती घरी नेली आणि तेव्हापासून तलावाने देणे बंद केले. शांत रात्री काठावरून वाजंत्री ऐकू येते. एका दुष्काळात पाणी आटले तेव्हा तळाशी सोन्याचे कळस चमकताना दिसले होते म्हणतात.

भांड्यांचा प्रसंग महाराष्ट्रातल्या कितीतरी तळ्यांविषयी सांगितला जातो. या कथेतल्या दोन गोष्टी मात्र मला इथल्याच वाटतात. पहिली म्हणजे ते झाड. देवाचे नाव ताडोबा, आणि त्याच्या आधी त्याच जागी ताडाचे झाड. तारू ज्यांना ठाऊक नव्हता, किंवा जे त्याला विसरले, त्यांनी नावातल्या ध्वनीवरून झाड उभे केले असावे असा माझा तर्क आहे. नाव आधी होते आणि कथा त्याला शोधत आली. दुसरी गोष्ट डोंगराची. वरात पश्चिमेकडून डोंगर ओलांडून येते, म्हणजे ज्या रांगेला आपण चिमूर टेकड्या म्हणतो तिच्यातूनच. कोरडी, दमवणारी रांग आणि तिच्या कुशीतले अचानक दिसणारे पाणी, हा या भूगोलाचा खरा अनुभव त्या कथेत उतरला आहे. मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आजही गोंडकालीन मानले जाणारे उंच दगडी खांब ओळीने उभे आहेत. चांद्याहून या जंगलातून वाट जात होती, आणि वाटसरूला पाणी कुठे मिळेल हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

आणि ते गवळी. विदर्भाच्या डोंगरांत गवळी पुन्हा पुन्हा भेटतात. मेळघाटात गुगामल राष्ट्रीय उद्यान ज्या सातपुड्याच्या दक्षिण रांगेत आहे तिचे नाव गाविलगडचे डोंगर. गाविलगड हा किल्ला, आणि त्याच्या नावाचा उगम तिथे गुरे घेऊन राहणाऱ्या गवळ्यांकडे सांगितला जातो. त्या रांगेत वैराटचे शिखर हजार मीटरच्या वर जाते. ताडोबाच्या टेकड्या त्याच्या गुडघ्यालाही लागत नाहीत. पण दोन्हीकडे गवळी आले, पाण्याशेजारी थांबले, आणि त्यांच्या मागे एकीकडे नाव राहिले, दुसरीकडे कथा. डोंगरातले गवत ज्यांना वाचता येत होते त्यांची ही आठवण आहे.

ताडोबाच्या कथेला सर्वांत जवळचे उदाहरण उत्तरेला आहे, गोंदिया जिल्ह्यात नवेगावला. १९७५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, सुमारे १३४ चौरस किलोमीटरचे. त्याच्या पोटात नवेगावबांध तलाव. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे सांगतात. कोहळी समाजाने झाडीपट्टीत जे शेकडो तलाव बांधले, ज्यांना आपण आता माजी मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांतला हा थोरला. कोलू पाटील गेल्यावर त्याचा कोलासूर देव झाला. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. आणि भोवतालच्या सात डोंगरांना ‘सातबहिणी’ म्हणतात. तलावाच्या बांधकामाला त्या सात बहिणी मदतीला आल्या होत्या, अशी समजूत आहे.

ही कथा मला फार मोलाची वाटते. तलाव बांधणाऱ्या माणसाला बांधकामाचे गणित पक्के माहीत असणार: कुठल्या दोन टेकड्यांमध्ये पाळ घातली म्हणजे पाणी थांबेल, सांडवा कुठे काढायचा. डोंगर आयते तीन बाजूंनी उभे होते म्हणून चौथी बाजू माणसाला बांधता आली. डोंगरांनी मदत केली, हे शब्दशः खरे आहे. गावाने ते बहिणींच्या रूपात लक्षात ठेवले. महाराष्ट्रभर साती आसरा या जलदेवता पाण्याच्या काठी राहतात. विहिरीवर, डोहावर त्यांचे सात दगड असतात. नवेगावला त्या काठावरून उठून डोंगर झाल्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातही नागभीडकडे पेरजागड नावाचा कडेकपारीचा डोंगर आहे, त्यालाही लोक सातबहिणीच म्हणतात. गडाचे नाव एक, श्रद्धेचे नाव दुसरे, आणि दोन्ही अजून चालू आहेत.

नवेगावचे नाव काढले की मारुती चितमपल्लींची आठवण होणारच. वनखात्यातल्या नोकरीची बरीच वर्षे त्यांनी या जंगलांत काढली आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिले. १८ जून २०२५ रोजी ते गेले. झाडाला, पाखराला, पाणवठ्याला गोंड, कोहळी, ढीवर काय म्हणतात ते विचारून लिहून ठेवणारा अधिकारी ही दुर्मीळ गोष्ट होती. इतर अधिकाऱ्यांच्या वहीत कक्ष क्रमांक असायचा, यांच्या वहीत नाव असायचे.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेले की डोंगरांची नावे बदलतात. गड सुरू होतात: टिपागड, सुरजागड, भामरागड. त्यांतल्या टिपागडच्या माथ्यावर तळे आहे, आणि तिथल्या पुरम राजाच्या कथा अजून सांगतात. आणखी दक्षिणेला माडिया मुलखात डोंगराला मेट्टा म्हणतात, तेलुगूच्या शेजाराने गुट्टाही. भामरागडच्या डोंगरातले सर्वांत उंच शिखर गडलगट्टा, ९६७ मीटरचे. त्याच्या नावाचा शेवट ऐकला तरी कुठल्या भाषेच्या उंबरठ्यावर आपण उभे आहोत ते कळते. सीमेपलीकडे बस्तरात बैलाडिला आहे, बैलाच्या वशिंडासारखा दिसतो म्हणून.

सुरजागडविषयी दोन शब्द जास्त लिहायला हवेत, जरी तो राष्ट्रीय उद्यानात नाही. एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर ठाकूरदेवाचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आसपासच्या इलाख्यातल्या गावांची माणसे तिथे यात्रेला जमतात. १८५८ चा बाबुराव शेडमाके यांचा इंग्रजांविरुद्धचा उठाव याच मुलखात झाला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी दिली. डोंगरात लोहखनिज आहे हे जुन्या काळापासून माहीत होते. २००७ मध्ये ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला आणि २०१६ पासून उत्खनन सुरू झाले. आज वर्तमानपत्रात सुरजागड हा शब्द आला की पुढे टन, ट्रक आणि रस्त्यावरचे अपघात येतात. रोजगाराचा प्रश्न खरा आहे, तो कोणी नाकारू नये. पण डोंगराचे नाव खाणीला लागले की ठाकूरदेवाचा डोंगर म्हणून त्याला ओळखणारी पिढी किती टिकेल, ही चिंताही तितकीच खरी आहे.

डोंगराच्या नावावरून जगातही झगडे झाले आहेत. अलास्कातल्या सर्वोच्च शिखराला तिथले मूळ रहिवासी पूर्वापार डेनाली म्हणत. १८९६ मध्ये सोने शोधायला आलेल्या एकाने त्याला मॅककिन्ली या राजकारण्याचे नाव दिले. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण त्याने तो डोंगर कधी पाहिला नाही. १९१७ मध्ये राष्ट्रीय उद्यानही त्याच नावाने झाले. १९८० मध्ये उद्यानाला डेनाली नाव मिळाले, २०१५ मध्ये शिखराला मिळाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये शिखराचे पुन्हा मॅककिन्ली झाले. उद्यान डेनाली, शिखर मॅककिन्ली, असा आजचा प्रकार आहे. ताडोबात असे काही घडले नाही. १९५५ साली उद्यानाला एखाद्या गव्हर्नरचे किंवा पुढाऱ्याचे नाव द्यायचे कोणाला सुचले असते तर आज आपण तारूला ओळखलेही नसते. ज्यांनी तलावाच्या देवाचेच नाव कायम ठेवले त्यांचे हे ऋण मान्य केले पाहिजे.

नाव राहिले. नाव सांगणारे मात्र हलले. ताडोबा-अंधारीच्या गाभ्यात सहा गावे होती: बोटेझरी, कोळसा, नवेगाव (गोंदियातले नव्हे), जामणी, पळसगाव, रानतळोधी. २००७ पासून बोटेझरी आणि कोळशाची काही घरे भगवानपूरला गेली. पुढे नवेगाव हलले, जामणी हलली. पांढरपौनी त्याहूनही आधी उठली. शेतांची कुरणे झाली, त्यांत चितळ आणि गवे चरू लागले, त्यांच्या मागे वाघ आले. संरक्षणाच्या दृष्टीने हे यश आहे, आणि गाभ्यातल्या गावांना रस्ता, दवाखाना, शाळा यांच्यासाठी जे हाल सोसावे लागत होते तेही मला माहीत आहेत. आमच्याकडे ओसाड पडलेल्या गावाला रीठ म्हणतात. महसुलाच्या कागदात रिठाचे नाव राहते, माणसे नसतात. पांढरपौनी हा शब्द आज पर्यटकाला एका पाणवठ्याचा आणि तिथल्या वाघिणीचा वाटतो. वाघडोह हे ठिकाणाचे नाव होते. मग एका दांडग्या नराचे झाले, आणि २०२२ मध्ये तो मेला तेव्हा देशभर बातमी झाली. वाघांना ठिकाणांची नावे देण्याची ही मार्गदर्शकांची रीत चांगली आहे, तिने कितीतरी नावे वाचवली. तेलिया, जामुनबोडी, ऐनबोडी, आंबेउतारा, काटेझरी. बोडी म्हणजे छोटे तळे. ऐनाच्या झाडाजवळची ती ऐनबोडी. एवढ्या एका शब्दात झाड, पाणी आणि तिथवर जाण्याची खूण येते.

बफरमध्ये, चिमूरच्या बाजूच्या डोंगरात रामदेगी आहे. तिथे रामाचे देऊळ आहे, झरा आहे, आणि वरच्या अंगाला बौद्ध विहार. त्या जागेला बौद्ध बांधव संघारामगिरी म्हणतात. जानेवारीच्या अखेरीस तिथे मोठा धम्म समारंभ भरतो. एकाच डोंगराला दोन समाज दोन नावांनी हाक मारतात. यातले खरे कोणते, असा वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्ही नावांनी माणसे त्याच चढणीवर घाम गाळत येतात.

तारूच्या जत्रेचे काय झाले? राष्ट्रीय उद्यानाचे नियम कडक होत गेले तशी तिच्यावर बंधने आली. रात्रीचा मुक्काम, चूल, नवसाचे कोंबडे-बकरे हे गाभ्यात चालणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण पौषात नवस फेडायला येणाऱ्या गोंड कुटुंबाला फाटकावर अडवून ठेवायचे आणि त्याच फाटकातून तिकीट काढलेल्यांच्या गाड्या सोडायच्या, हे मला पटत नाही. वेळ ठरवावी, संख्या ठरवावी, वनखात्याची गाडी द्यावी, प्लास्टिक तपासावे. पण ज्याच्या नावाने उद्यान चालते त्याच्या माणसांना त्याच्यापर्यंत मानाने जाता यावे. मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणातही तारूची कथा भुमकाच्या, म्हणजे गोंड पुजाऱ्याच्या, तोंडून ऐकवावी. आज ती दोन वाक्यांत उरकली जाते आणि लगेच वाघाची चाहूल देणारा ‘कॉल आला’ म्हणून गाडी वळते.

हे सगळे मी गोंडपिपरीत बसून लिहितो आहे, कारण हाच प्रश्न आता आमच्या तालुक्यात आला आहे. आमच्या गावाच्या नावातच गोंड आहेत आणि पिंपळ आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने कन्हाळगाव अभयारण्याला मान्यता दिली आणि २०२१ मध्ये ते जाहीर झाले. सुमारे २६९ चौरस किलोमीटर. धाबा, तोहोगाव, कोठारीकडचे हे जंगल, बराचसा भाग पूर्वी वनविकास महामंडळाकडचा. ताडोबातून बाहेर पडलेला वाघ दक्षिणेला तेलंगणाकडे, पूर्वेला वैनगंगेपलीकडे चपराळ्याकडे जातो तो इथूनच. म्हणून हे अभयारण्य व्हायलाच हवे होते. त्याचे नाव मात्र कुठे कन्हाळगाव तर कुठे कन्हारगाव लिहिलेले असते. तारोबाचा ताडोबा झाला त्या ध्वनींच्या खेळासारखाच हा खेळ, फरक इतकाच की यावेळी तो आपल्या डोळ्यांसमोर आणि सरकारी कागदावर चालला आहे.

या जंगलातल्या टेकड्या फार लहान आहेत. कुठल्याही नकाशात त्यांना नाव नाही, फक्त कक्ष क्रमांक आहेत. पण तेंदूपत्त्याला, मोहफुलांना, डिंकाला जाणाऱ्या बायकांना विचारले की नावे येतात: नाल्याची, खडकाची, देवाच्या झाडाची, कधीकाळी वाघाने कोणाला नेले त्या वळणाची. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या जंगलाची हद्द स्वतः सांगण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. अशा दाव्यात गावातले म्हातारे पुढे चालतात, तरुण मागून नोंदी करतात, आणि हद्दीची खूण म्हणून कुठला डोंगर, कुठला नाला, कुठले झाड हे नावानिशी लिहावे लागते. गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभांच्या फायलींत आज अशा नावांच्या याद्या पडून आहेत. डोंगरांच्या नावांचा इतका मोठा साठा कुठल्या गॅझेटियरात नाही. कन्हाळगावच्या परिसरातल्या गावांनीही अशी शिवारफेरी काढावी, आणि अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा तयार होईल तेव्हा वनखात्याने कक्ष क्रमांकाशेजारी ही नावे छापावीत. भुमका आणि म्हातारे अजून हिंडू-फिरू शकतात. मोह गळायच्या आधी, माघ-फाल्गुनात, पानझड झालेली असते आणि डोंगर नीट दिसतात. फेरीला तेच दिवस चांगले.